भंडाऱ्याची कॉफी

आपल्याकडे एस्प्रेसो म्हणजे लग्नातली कॉफी. मांडवाच्या कोपऱ्यात ते चकचकीत यंत्र फुसफुसत असते, पुढे पोरांची रांग असते आणि कपात मिळते ते गरम दूध, साखर, भरपूर फेस आणि वर चॉकलेटची भुकटी. आमच्या तरुणपणी पनवेलच्या मोहल्ल्यातल्या लग्नांत बिर्याणीच्या खालोखाल मान या कॉफीला होता. अब्बांना मात्र तिचे काही कौतुक नव्हते. एक घोट घेऊन ते कप बाजूला ठेवत आणि म्हणत, "हे दूध हाय. एस्प्रेसो नाय."

अब्बांचे हे बोलणे कुणी मनावर घेत नसे. तेव्हा ते वर्षातून दीड-दोन महिने घरी असत. बाकीचे दिवस बोटीवर. कोकणातल्या मुसलमान घरांतून एक तरी माणूस दर्यावर असायचाच. कुणी खलाशी, कुणी टंडेल, कुणी सारंग. आमचे अब्बा भंडारी होते, म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी. पंचवीस-तीस माणसांची दोन वेळची जेवणे, पहाटेचा चहा आणि रात्रीच्या पाळीवाल्यांची कॉफी हे त्यांचे काम. परदेशी मालकीच्या मालवाहू बोटींवर त्यांनी तीस वर्षे काढली आणि २००१ मध्ये ते कायमचे घरी आले.

आम्ही म्हणजे त्यांचा मुलगा आणि सून. आम्ही दोघेही शाळेत शिकवत होतो. एकाचा विषय इतिहास, दुसरीचा विज्ञान. आता दोघेही निवृत्त आहोत. २०१९ मध्ये मोहल्ल्यातले घर भावंडांवर सोडून आम्ही अम्मी-अब्बांना घेऊन नवीन पनवेलच्या एका इमारतीत राहायला आलो. लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता, म्हाताऱ्या माणसांची सोय होती. २०२१ मध्ये अम्मी गेल्या. त्यानंतर अब्बांचे जेवणावरचे लक्ष उडाले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना पोटभर जेवू घातले, तो ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठू लागला. काही विचारले तर म्हणायचे, "चव लागत नाय."

अशात एक दिवस माळा साफ करताना एका जुन्या पेटीतून ते भांडे निघाले. ॲल्युमिनियमचे, आठ कोनांचे, कमरेत आवळलेले, काळ्या मुठीचे. अब्बांनी ते हातात घेतले, उलटे केले, आत फुंकर मारली आणि कित्येक दिवसांनी आपणहून चार वाक्ये बोलले. भांडे त्यांनी जिनोआच्या बंदरात विकत घेतले होते. पण त्याचा उपयोग ते शिकले होते त्याआधी, क्युबात. १९९३ साली त्यांची बोट सिएनफुएगोस बंदरात साखर भरायला लागली होती. सोव्हिएत संघ मोडल्यामुळे क्युबात तेव्हा डिझेल नव्हते, वीज नव्हती, खायचीही टंचाई होती. बोट बरेच दिवस अडकून पडली. धक्क्यावरचा एक म्हातारा हमाल रोज दुपारी असल्याच भांड्यात कॉफी करायचा आणि अंगठ्याएवढ्या कपांतून सगळ्यांना द्यायचा. अब्बांनी बोटीवरून थोडे तांदूळ नेऊन दिले, त्याने कॉफी करायला शिकवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

"त्या कॉफीची चव अजून हाय इथं," अब्बा जिभेवर बोट ठेवून म्हणाले.

ते ऐकून आम्ही ठरवले की तीच कॉफी घरी करायची.

पहिली अडचण भांड्याचीच होती. आतले रबर कडक होऊन तडकले होते. कुकरची रिंग चालेना. शेवटी बाजारातल्या एका नळजोडणीच्या दुकानदाराने खाण्याच्या वस्तूला चालणाऱ्या रबरातून मापाचे वायसर कापून दिले. भांड्याची रीत सोपी आहे. खालच्या भागात पाणी घालायचे, बाजूच्या वाफेच्या झडपेच्या खाली राहील इतकेच. त्यावर चाळणीच्या कपात बारीक दळलेली कॉफी, दाबायची नाही. वरचा भाग घट्ट फिरवून मंद आचेवर ठेवायचे. वाफेचा दाब पाण्याला वर ढकलतो आणि कॉफी वरच्या भागात उतरते. हा दाब हॉटेलातल्या एस्प्रेसो यंत्राच्या दाबापुढे फारच कमी, म्हणून जाणकार याला खरा एस्प्रेसो म्हणत नाहीत. क्युबातल्या घराघरांत मात्र याच भांड्यात ती कॉफी होते.

तिची खरी गंमत साखरेत आहे. पहिले काही थेंब वर आले, की ते लगेच साखरेवर ओतायचे आणि चमच्याने जोरजोरात फेटायचे. तपकिरी साखर पांढुरकी होऊन लोण्यासारखी दिसू लागली, की उरलेली कॉफी त्यावर ओतायची. फेस वर येतो. त्या फेसाला ते लोक एस्पुमिता म्हणतात. आपल्याकडे बायका कपात पावडर आणि साखर घालून हात दुखेपर्यंत कॉफी फेटतात, त्याच जातीची ही मेहनत. अब्बांच्या हाताला ती अजून आठवत होती.

पण कॉफी कोणती घ्यायची? बाटलीतली तयार पावडर या कामाची नाही. दुकानातली फिल्टर कॉफी आणून पाहिली. अब्बांनी घोट घेतला आणि मान हलवली. भाजणी कमी आहे, दाणा काळा व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आम्ही पनवेलहून लोकलने कुर्ला आणि तिथून गाडी बदलून माटुंगा गाठले. तिथे दाक्षिणात्य वस्तीमुळे कॉफी समोर भाजून दळून देणारी जुनी दुकाने आहेत. दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "चिकोरी किती टक्के?" आम्ही ताठ्याने सांगितले, "चिकोरी अजिबात नको. शुद्ध कॉफी हवी. तीही कच्ची." त्याने चष्म्यावरून पाहिले आणि तीन गोण्यांची तोंडे उघडली. धुतलेल्या अरेबिकाला व्यापारात प्लांटेशन म्हणतात, फळासकट वाळवलेल्या दाण्याला चेरी, आणि फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा असला तर त्याला पीबेरी. आम्ही प्लांटेशन आणि रोबस्टा चेरी अर्धा-अर्धा किलो घेतले. रोबस्टाने कडवटपणा आणि फेस येतो, अरेबिकाने वास. कच्चा दाणा हिरवट-राखाडी असतो आणि त्याला हिरव्या शेंगदाण्यासारखा वास येतो. तो कॉफी आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

भाजायला बिडाची कढई काढली. एका वेळी २५० ग्रॅम, त्याहून जास्त नाही, कारण दाणा सतत हलता राहिला पाहिजे. पहिली पाच-सहा मिनिटे काही घडत नाही. दाणा पिवळा होतो आणि वाळल्या गवताचा वास सुटतो. मग भाकरी भाजल्याचा वास. साधारण २०० अंशांच्या आसपास दाणे लाह्यांसारखे फुटू लागतात आणि त्यांचा कोंडा उडतो. इथे थांबले तर साधी कॉफी होते. आम्हाला पुढे जायचे होते. पहिला तडतडाट थांबतो, क्षणभर शांतता, आणि २२५ अंशांच्या पुढे दुसरा, बारीक तडतडाट, फोडणीत मोहरी उडावी तसा. दाण्यावर तेल चमकू लागते. तेव्हा विस्तव बंद करून दाणे ताबडतोब चाळणीत ओतून पंख्याखाली हलवायचे. नाहीतर आतल्या उष्णतेने ते भाजतच राहतात. शेवटी सुपात घालून कोंडा पाखडायचा. २५० ग्रॅमचे सुमारे २०५ ग्रॅम उरतात. आणि लगेच दळायचे नाही. भाजलेल्या दाण्यातून दोन-तीन दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तोवर चव बसत नाही. पहिला घाणा आमच्या हातून कोळसा झाला, दुसरा अर्धा कच्चा राहिला. तिसरा जमला.

अब्बांनी प्याला. "चांगली हाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ती नाय."

आम्ही हार मानली नाही. प्रमाण बदलले, भाजणी बदलली. दरम्यान वाचनही चालू होते, आणि त्यात आम्हाला आमचेच घर सापडत गेले. कॉफीच्या बीला अरबीत बुन्न म्हणतात. आमची आजी तिला बुंददाणे म्हणायची, तेव्हा आम्ही तिला हसायचो. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कहवा पीत. १५११ मध्ये मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने त्यावर बंदी घातली होती; ती टिकली नाही. येमेनच्या मोखा बंदरातून कॉफी जगभर जाई. १९३३ मध्ये इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी अब्बांकडे आहे तसले भांडे बाजारात आणले, तेव्हा त्याला याच बंदरावरून मोका नाव मिळाले. हजहून परतताना बाबाबुडन नावाच्या फकिराने मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. परंपरा तो काळ १६७० च्या आसपासचा मानते. तो डोंगर आज बाबाबुडनगिरी म्हणून ओळखला जातो. म्हणजे आमच्या कर्नाळ्यामागे उभा असलेला तोच सह्याद्री, फक्त खूप दक्षिणेचा. तिथल्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण आम्हाला खरे चकित केले ते पुढच्या प्रवासाने. १६९० च्या दशकात डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावाला नेली. जावाहून १७०६ मध्ये एक रोप ॲमस्टरडॅमला गेले, तिथून १७१४ मध्ये एक फ्रान्सच्या राजाला भेट गेले, आणि १७२० च्या दशकात फ्रेंचांनी त्याची संतती कॅरिबियन बेटांवर पोचवली. १७४८ मध्ये कॉफी क्युबात आली. १७९१ मध्ये हैतीतल्या गुलामांनी बंड केल्यावर तिथले मळेवाले क्युबाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत पळाले आणि गुलामांच्याच श्रमांवर तिथे मळे वाढले. मलबारचे पहिले रोप बाबाबुडन यांच्या बियांचे की एखाद्या व्यापाऱ्याच्या, हे सिद्ध करता येणार नाही. पण अब्बा ज्या कॉफीसाठी झुरत होते, तिचे घराणे मागे मागे जात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर येते, एवढे खरे.

हे वाचून आम्ही खूश झालो, आणि त्याच आठवड्यात इमारतीच्या फलकावर नोटीस लागली. काही सदनिकांमधून उग्र वास येतो, संबंधितांनी खबरदारी घ्यावी, असा मजकूर. नाव नव्हते. पण लिफ्टमध्ये बोलणी थांबू लागली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आणखी दोघांना घेऊन दारात आले. नमस्कार-चमत्कार झाला. मग त्यांनी चाचरत विचारले, "तुमच्याकडे काय जळतं हो रात्रीचं? म्हणजे, काय शिजवता?"

त्या "काय शिजवता" मध्ये काय काय भरले होते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही त्यांना आत नेऊन कढई दाखवली. दाण्यांचा डबा उघडला. तिघांचे चेहरे एकदम सैल झाले. "कॉफी होय! मग काही हरकत नाही. आम्हाला वाटलं..." पुढचे वाक्य त्यांनी गिळले. ते गेल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. आमची सुटका झाली होती, पण त्या सुटकेचा आनंद होईना. धूर झाला होता हे खरे; कुणाला दम्याचा त्रास असेल तर तक्रार रास्तच. पण वास कॉफीचा निघाला म्हणून माफ झाला. चौथ्या मजल्यावर सुकट भाजतात. तिचा वास आम्हाला आवडतो, आणि तिच्यासाठी कधी नोटीस लागलेली पाहिली नाही. मोहल्ल्यात वासाने माणूस घरात यायचा. "आज काय बेत?" म्हणत यायचा आणि वाटी घेऊन जायचा. इथे वास आधी दाराचा नंबर शोधतो.

आम्ही भाजणी गच्चीवर हलवली, सेक्रेटरींना सांगून. अब्बांना यातले काही सांगितले नव्हते, पण भिंतीपलीकडून सगळे ऐकू येते. त्या रात्री आठव्या की नवव्या घाण्याची कॉफी त्यांच्यापुढे ठेवली. पुन्हा तेच, "चांगली हाय. ती नाय." आम्ही जरा चिडूनच म्हणालो, "अब्बा, याहून शुद्ध कॉफी मिळणार नाही. दाणा निवडून घेतला आहे, चिकोरीचा कण नाही."

अब्बा म्हणाले, "त्येच्यात वाटाणा असायचा."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

"रेशनची कॉफी होती ती. कॉफी पुरायची नाय म्हणून भाजलेला वाटाणा दळून घालायचे. तो म्हातारा पुडी दाखवून हसायचा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही चांगली कॉफी शोधत होता. मला वाटलं, शोधू द्या."

नंतर आम्ही वाचून खात्री करून घेतली. क्युबात रेशनच्या कॉफीत खरेच वाटाणा घालत. २००५ मध्ये ते थांबवले आणि २०११ मध्ये पुन्हा सुरू केले, कारण देशात पिकणारी कॉफी पुरत नव्हती आणि बाहेरून आणायला परवडत नव्हते. सरकारसाठी ती काटकसर होती, पिणाऱ्यांसाठी ती जिभेची सवय झाली. आपल्या दक्षिणेत चिकोरीचेही असेच आहे. गुजरातच्या आणंद-खेडा भागातली ती मुळी दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत इतकी मुरली आहे, की ती नसली तर जुन्या माणसांना कॉफी पातळ वाटते. माटुंग्याच्या दुकानदाराचा प्रश्न आम्हाला आता आठवला. तो भेसळ विकत नव्हता. कोणत्या घरची चव हवी, एवढेच विचारत होता.

आणि आम्ही त्याला ताठ्याने "शुद्ध हवी" म्हणालो होतो. ज्या शब्दाचा मार आम्ही रोज खातो, तोच आमच्या तोंडून किती सहज निघाला. बाबाबुडनगिरीवरच्या गुहेला काही लोक दर्गा म्हणतात, काही दत्ताचे पीठ. सरकारी नावात दत्तात्रेयही आहेत आणि बाबाबुडनही. पिढ्यान्‌पिढ्या दोघांचे लोक एकाच गुहेत हात जोडत, दुवा मागत आले. ती गुहा नक्की कुणाची, यावरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे चालले आहेत. तिथेही कुणाला तरी शुद्धच हवे आहे.

पांढरे वाटाणे घरात होतेच. आम्ही ते वेगळे भाजले, कारण वाटाणा कॉफीपेक्षा लवकर करपतो. गडद तपकिरी झाले की उतरवले. तीन भाग कॉफी, एक भाग वाटाणा असे दळले. वाटाण्याची पूड फुगते आणि भांड्याची चाळणी बुजवते, म्हणून दळण थोडे जाडसर ठेवले आणि आच आणखी मंद केली. खरे सांगायचे तर आम्हा दोघांना ती कॉफी आधीच्या घाण्यांपेक्षा कमी आवडली. थोडी पिठूळ, मातकट, मागून गोडसर.

अब्बांनी साखर स्वतः फेटली. डॉक्टरांनी त्यांना साखर जपून खायला सांगितली आहे, म्हणून आम्ही एकच चमचा ठेवला होता. त्यांनी डब्यातून दुसरा घेतला आणि आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एक घोट घेतला. डोळे मिटले.

"हां," म्हणाले. "ही."

मग भांड्यात डोकावून म्हणाले, "एवढी उरलीय. शेजारी दिली काय?"

आम्ही म्हणालो, रात्र झाली आहे, आणि लोकांना आवडेल की नाही कुणास ठाऊक. त्यावर त्यांनी भंडाऱ्याच्या आवाजात सांगितले की ही कॉफी एकट्याने प्यायची नसते. तो म्हातारा एकाच भांड्यातून आठ माणसांना द्यायचा. तेव्हा अम्मींच्या कपाटातले लहान काचेचे पेले काढले. एक खालच्या काकूंकडे गेला, एक समोरच्या घरी, एक सेक्रेटरींकडे. आत काय काय आहे ते प्रत्येक ठिकाणी आधी सांगितले. वाटाण्याचे ऐकून सगळे हसले. सेक्रेटरींनी दारातच घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "आपला चहाच बरा." समोरच्यांचा पेला तसाच भरलेला परत आला. काकूंनी दुसऱ्या दिवशी पेला परत दिला तो चार सांडगी मिरच्या घालून. भांडे रिकामे परत करायचे नसते, ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही.

फलकावरची नोटीस अजून तशीच आहे. कुणी काढलेली नाही. आम्ही दर पंधरा दिवसांनी गच्चीवर एक घाणा भाजतो. अब्बा असरनंतर खुर्ची टाकून बसतात आणि दुसरा तडतडाट सुरू झाला की हात वर करतात. जेवण अजून कमीच आहे. पण ताटात काय कमी पडले, मीठ की आंबट, हे आताशा ते सांगू लागले आहेत. परवा आमटीला नावे ठेवली. पुढच्या फेरीला माटुंग्याहून आणायच्या सामानाची यादी त्यांनीच सांगितली: प्लांटेशन अर्धा किलो, रोबस्टा अर्धा किलो. वाटाणे पनवेलच्या बाजारातच मिळतात.